शीतकरण वय म्हणजे धुपेचा दर नव्हे

पर्वतांच्या धुपेविषयी एक सूत्र सर्रास सांगितले जाते: खनिजाच्या क्लोजर तापमानाची (ज्याच्या खाली खनिजातील कालनोंद टिकू लागते त्या तापमानाची) खोली काढून तिला शीतकरण वयाने (खडक त्या तापमानाखाली थंड झाल्यापासूनच्या काळाने) भागले की धुपेचा दर मिळतो, आणि वय जितके कमी तितके पर्वताचे उत्थान अलीकडचे. हे सूत्र सोपे आहे म्हणूनच त्याची तपासणी आवश्यक आहे.

सर्वांत मोठी अडचण खोलीची आहे. ॲपेटाइट या खनिजातील फिशन ट्रॅक, म्हणजे युरेनियमच्या विखंडनाने स्फटिकात उमटणारे सूक्ष्म चरे, साधारण 110 अंश सेल्सिअसच्या खाली टिकू लागतात. पृष्ठभागाचे तापमान 10 अंश आणि खोलीनुसार वाढ दर किलोमीटरला 25 अंश धरली, तर ही पातळी 4 किलोमीटरवर येते आणि 40 लाख वर्षांच्या वयावरून धुपेचा दर वर्षाला 1 मिलिमीटर निघतो. परंतु वर येणारा खडक आपल्याबरोबर उष्णताही आणतो, त्यामुळे समतापरेषा (समान तापमानाच्या पातळ्या) पृष्ठभागाकडे सरकतात आणि 110 अंशांची पातळी 4 किलोमीटरपेक्षा उथळ होते. तळाचे तापमान कायम असलेला 30 किलोमीटर जाडीचा थर आणि नेहमीची उष्णता-विसरणक्षमता (खडकातून उष्णता किती वेगाने पसरते ते) धरून स्थिर अवस्थेचे, म्हणजे खोलीनुसार तापमान बदलायचे थांबल्यानंतरचे, गणित केले, तर त्याच वयाशी सुमारे 0.7 मिलिमीटर हा दर जुळतो. ती अवस्था येण्यास दीर्घ काळ लागतो, म्हणून खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असणार. तो मॉडेलविना ठरत नाही. शिवाय भूशास्त्रज्ञ डॉडसन यांनी 1973 मध्येच दाखवल्याप्रमाणे क्लोजर तापमान स्वतः थंड होण्याच्या वेगावर अवलंबून असते.

खडक केवळ धुपेनेच थंड होतो, हेही गृहीतच आहे. जवळ घुसलेला शिलारस निवल्याने किंवा वरचा भाग प्रस्तरभंगावरून सरकून गेल्यानेही वय नोंदले जाते.

भागाकारातून हाती येते ती सरासरी. वय 4 कोटी वर्षे असताना 4 किलोमीटरपैकी बहुतांश खडक पहिल्या 50 लाख वर्षांत गेला असो वा सावकाश झिजला असो, उत्तर वर्षाला 0.1 मिलिमीटर असेच येते. हा भेद ट्रॅकच्या लांबीतून उलगडतो: नवा ट्रॅक सुमारे 16 मायक्रॉनचा असतो, उष्णतेने तो आखडतो, आणि 60 ते 110 अंशांच्या पट्ट्यात रेंगाळलेल्या नमुन्यात आखूड ट्रॅक भरपूर सापडतात. लांबीची मोजमापे न देता केवळ वयावरून काढलेला दर मला अपुरा वाटतो.

उत्थानाचा निष्कर्ष तर मुळातच चुकीचा आहे. शीतकरण वय खडक पृष्ठभागाच्या किती जवळ आला ते सांगते, पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून किती उंचावला ते नव्हे. हा फरक भूशास्त्रज्ञ इंग्लंड आणि मोल्नार यांनी 1990 मध्ये स्पष्ट मांडला. जेथे खडकाचे उत्थान आणि धूप समान वेगाने चालतात, तेथे पर्वताची उंची लाखो वर्षे तशीच राहते आणि तरीही ॲपेटाइटची वये कमीच निघतात.