आग लागावी तर तपासणीच्या दिवशीच

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत शेड मिळाली, दोन लेथ आणि एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) आली, दारात नारळ फुटला, की सावकार, तुम्ही उद्योजक झालात. अभिनंदन. आता आगीच्या बंदोबस्ताचं बघूया. मच्छे असो, होनगा असो की नावगे, आपल्याकडं हे काम फार सोपं करून ठेवलेलं आहे. नवीन काही शोधत बसू नका. शेजारच्या शेडमध्ये डोकावून या आणि तसंच करा.

लाल सिलिंडर तेवढे घ्याच. घेतल्यावर ऑफिसच्या दाराशी, येणाऱ्याच्या नजरेत भरतील असे टांगा. भट्टीजवळ, वेल्डिंगच्या कोपऱ्यात किंवा पेंटच्या खोलीबाहेर टांगले तर साहेबांना दिसणार कसे? शिवाय तिथं ते कळकट होतात. एकदा टांगले की हात लावायचा नाही. आतली पावडर वर्षानुवर्षं तशीच राहिली की खाली बसून घट्ट होते, मग पिन काढून कितीही दाबा, नुसता वारा येतो म्हणतात. म्हणू द्या. दरवर्षी एक माणूस येतो, फडक्यानं धूळ पुसतो, नव्या तारखेचा स्टिकर चिकटवतो आणि बिल देऊन जातो. आतली पावडर जुनी असली तरी तारीख तर ताजी आहे!

सिलिंडरवरच्या दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, तेही बघायचं असतं. पण खंडेनवमीला सगळ्या मशिनींबरोबर सिलिंडरचीही पूजा होते. नळीला झेंडूची माळ, आणि गेजच्या काचेवर हळदीकुंकवाची दोन बोटं. देवाचं लावलेलं पुसायचं कोणी? त्यामुळं काटा कुठं आहे हे पुढच्या खंडेनवमीपर्यंत कळत नाही, आणि तोवर नवी बोटं उठतात. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला तर बहुधा गेजच नसतो, तो वजन करून बघायचा. वजनकाटा आपल्याकडं आहे की, पण तो भंगारवाल्याला माल घालताना लागतो. सारखा वापरून खराब कशाला करायचा?

वाळूच्या लाल बादल्या मात्र फौंड्रीत हव्याच. पान-गुटख्याची सोय होते, उदबत्त्या खोचता येतात. त्या पत्र्याच्या गळक्या जागेखाली ठेवा. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. आषाढात वाळू अशी भिजते की लाडू वळावेत. वितळलेल्या धातूला ओल लागली की पाण्याची क्षणात वाफ होते, ती वाफ पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा मागते, आणि क्रुसिबलमधला, म्हणजे वितळवायच्या भांड्यातला, रस चहूकडं उडतो. म्हणून वाळू कोरडी ठेवा, असं पुस्तकं म्हणतात. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी आपला पाऊस बघितलेला नसतो.

आता दाराचं. हा विषय जरा नाजूक आहे.

मागचं दार कुलूपबंद ठेवा. आगीपेक्षा पितळेच्या चुऱ्याची चोरी जास्त वेळा होते, हा साधा हिशेब आहे. किल्ली वॉचमनकडं, वॉचमन चहाच्या गाड्यावर. दाराच्या आतल्या बाजूला रिकामी जागा दिसली तर तिथं पॅकिंगची खोकी रचा. जागेचं भाडं आपण भरतो, आग भरत नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात ३८ वं कलम होतं. आग लागल्यास सगळ्यांना सुरक्षित बाहेर पडता आलं पाहिजे आणि त्या वाटा कामगारांना माहीत हव्यात, असं त्यात होतं. माहीत आहेत की! मागचं दार कुठं आहे ते प्रत्येक कामगाराला ठाऊक आहे. कुलूप आहे हेही ठाऊक आहे.

दारावरची पाटी हा खरा मुद्दा. नावफलकावर ६० टक्के कन्नड, हा कर्नाटक राज्याचा २०२४ चा कायदा. त्यामुळं बाहेर पडण्याच्या दारावर काय लिहायचं यावर निदान तीन बैठका घ्या. शेजारच्या येळ्ळूर गावातल्या ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेल्या पाटीवरून २०१४ ला काय झालं ते आठवा आणि जपून बोला. टर्नर मराठी येळ्ळूरचा, सुपरवायझर कन्नड बैलहोंगलचा, हेल्पर बिहारचा. मराठी वर की कन्नड वर, अक्षर केवढं, हिंदी घालायची का, हे ठरेपर्यंत पाटी लावू नका. धावणाऱ्या माणसाचं हिरवं चित्र सगळ्या जगात चालतं, त्याला भाषा लागत नाही, असं एखादा शहाणा म्हणेल. त्याला गप्प बसवा. भाषाच काढून घेतली तर आपण भांडायचं कशावरून?

वेल्डिंगची कामं रविवारी संध्याकाळी काढा, माणसं कमी असतात. गॅस कटरची ठिणगी दहा-अकरा मीटर उडत जाते, म्हणून तेवढ्या अंतरातले थिनरचे डबे, तेलकट बोळे, पुठ्ठे हलवायचे आणि काम संपल्यावर निदान अर्धा तास कोणीतरी तिथं राखण करायची, अशी पद्धत आहे. अर्धा तास! ओव्हरटाइम कोण देणार? वेल्डर गेला की दिवे बंद करा आणि घरी जा. पुठ्ठ्यात शिरलेली ठिणगी रात्रपाळी फुकट करते.

स्प्रिंकलर बसवलेच असतील तर छताला रंग देताना त्यांच्यावरूनही ब्रश फिरवा, एकसारखं दिसतं. त्यातला तो लाल काचेचा थेंब ६८ अंशांना फुटतो आणि पाणी सुटतं. त्याच्यावर ऑइलपेंट बसला की तो बिचारा थंड राहतो.

मॉक ड्रिल, म्हणजे आगीची रंगीत तालीम, १४ एप्रिलपासूनच्या आठवड्यात. तो अग्निशमन सेवा सप्ताह. १९४४ साली त्या तारखेला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज पेटलं आणि फुटलं. विझवायला गेलेले ६६ जवान गेले. एकाच जहाजात दारूगोळा आणि कापसाच्या गाठी भरल्या होत्या. आपल्या स्टोअरमध्ये थिनर आणि कापडी चिंध्या एकाच रॅकवर आहेत, पण आपली शेड गोदीएवढी मोठी नाही, तेव्हा तेवढं चालतं. ड्रिलची वेळ आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगा. भोंगा वाजायच्या आधीच माणसं बाहेर उभी राहिली पाहिजेत, म्हणजे फोटो चांगला येतो. सिलिंडर चालवून दाखवायचा मान एकट्या सुपरवायझरला द्या. बाकीच्यांना पिन ओढायला दिली तर फुकट रिफिलचा खर्च.

तपासणीच्या दिवशी मात्र कसूर नको. सकाळीच कुलूप काढा, खोकी टेंपोत भरून तासाभरासाठी बाहेर पाठवा, वाळू नवी आणा, वॉचमनला टोपी द्या. तो एक दिवस आपली शेड इतकी सुरक्षित असते की आग लागायची असेल तर तिनं त्याच दिवशी लागावं.

तशी ती येत नाही, हा तिचा दोष.

मग ती रात्री दोनला आली, तर आधी आपणच विझवून बघा. १०१ किंवा ११२ लगेच फिरवला तर शेजारच्यांना कळतं. फारच वाढली तर मग फिरवा. बंब टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर अडकला नाही तर येईल. आपल्या गल्लीत दोन्ही बाजूंना ट्रक लावलेले असतात, तोवर ड्रायव्हर शोधून ठेवा. पत्रकार आले तर ‘शॉर्टसर्किट’ म्हणा. हेस्कॉमवर, म्हणजे वीज कंपनीवर, बोट दाखवल्यासारखं होतं आणि फ्यूजच्या जागी आपणच घातलेली जाड तार तोवर वितळून गेलेली असते.

बंबावरून उतरलेला माणूस पाणी मारण्याआधी एकच विचारतो, आत किती जण आहेत? इथं घाई करू नका. मस्टरवर १२ नावं आहेत, पण रात्रपाळीला कंत्राटदारानं आणखी किती पोरं आत झोपवली होती ते तोच सांगणार. त्याला फोन लावा. तो खानापूरला लग्नात असतो आणि तिथं रेंज नसते.