गर्भ खरंच ‘सांगतो’ का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

गाभण गायीवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप दोन. ‘गर्भ आईला निरोप धाडतो’, म्हणजे आपण आहोत हे स्वतः कळवतो, ही कविकल्पना आहे, आईच्या शरीराला ते आपोआप कळतं, हा पहिला. सगळ्याच सस्तन प्राण्यांत हे कळवण्याचं काम एचसीजी (गर्भाकडून येणारं एक संप्रेरक) करतं, मग गायीचं वेगळं प्रकरण कशाला, हा दुसरा.

आधी माझी चूक. ‘गर्भ राहताक्षणी आईला कळतं’ हे माझं वाक्य चुकलं, ते मी बदलतो आहे. गाय भरवल्यावर पहिले दोन आठवडे अंडाशयावरचा पीतपिंड (अंडं सुटल्यावर तिथे तयार होणारी ग्रंथी) प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारं संप्रेरक, बनवत असतो, पोटात गर्भ असो वा नसो. गर्भ नसेल तर १६-१७ व्या दिवसाच्या सुमारास गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन सोडून पीतपिंड मोडीत काढतं आणि २१ व्या दिवसाच्या आसपास गाय पुन्हा माजावर येते.

पण ‘आपोआप’ मला मान्य नाही. केंब्रिजमध्ये मूर आणि रोसन या संशोधकांनी १९६६ साली मेंढ्यांवर नेमकं हेच तपासलं. १२ व्या दिवसापर्यंत गर्भ काढून घेतला, तर मेंढी नेहमीच्या वेळी माजावर आली. १३ व्या दिवशी किंवा नंतर काढला, तर पीतपिंड जास्त दिवस टिकला. दोन्हीकडच्या मेंढ्या फळलेल्याच होत्या. गर्भ आत किती दिवस राहिला, एवढाच फरक. पुढे त्यामागचं प्रथिन सापडलं, इंटरफेरॉन-टाऊ. १९८७ मध्ये त्याची रचना उलगडली तेव्हा ते विषाणूंशी लढणाऱ्या इंटरफेरॉनच्या कुळातलं निघालं! गर्भाचा बाहेरचा थर ते बनवतो. त्याच्यामुळे गर्भाशयाच्या अस्तरात ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे ग्राहक (ते जिथे चिकटतं ती प्रथिनं) वाढत नाहीत, म्हणून प्रोस्टाग्लँडिनचे झोत सुटत नाहीत आणि पीतपिंड वाचतो. आईच्या शरीराने स्वतःहून बनवलेलं यात काही नाही, म्हणून ‘निरोप’ हा शब्द मी ठेवणार.

एचसीजी माणसात आहे. ते रक्तातून थेट अंडाशयाकडे जाऊन पीतपिंडाला जगवतं. गायीत ते नसतंच. आपली घरगुती चाचणीची पट्टी गायीला चालत नाही ती त्यामुळेच. डुकरिणीत हे काम गर्भांनी सोडलेलं इस्ट्रोजेन करतं, ११-१२ व्या दिवसाच्या सुमारास. काम एक, पण प्रत्येकीची वाट निराळी, आणि मला यातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

गोठ्यातही हे दिसतं. गर्भ १५ व्या दिवसाच्या आत मेला तर गाय नेहमीसारखी २१ दिवसांच्या आसपास उलटते (पुन्हा माजावर येते), जणू राहिलीच नव्हती. निरोप पोचल्यावर मेला, तर ती उशिरा उलटते.