प्रतिक्रियेला उत्तर : निवडक घरांचीच मुलं का मोजली?

नमस्कार ताई,

तुमचा राग पोचला. तुम्ही लिहिलंत, 'दक्षिण दिल्लीतल्या खात्यापित्या घरांची मुलं निवडून मोजली आणि त्याच मापानं नंदुरबारमधल्या आमच्या धडगावची पोरं सॅम-मॅम (तीव्र किंवा मध्यम कुपोषित) ठरवता. हा कुठला न्याय?' ते माप म्हणजे मुलांच्या वाढीचा जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ता.

निवडून मोजली, हे खरंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 1997 ते 2003 या काळात दिल्ली, आक्रा, मस्कत, ऑस्लो, ब्राझीलमधलं पेलोटास आणि कॅलिफोर्नियातलं डेव्हिस इथली घरं चाळणी लावूनच घेतली. बाळ पूर्ण दिवसांचं, जुळं नको. आई सिगारेट न ओढणारी आणि निदान चार महिने फक्त किंवा मुख्यतः अंगावरच पाजायला तयार. घरची परिस्थिती वाढीच्या आड न येणारी. कारण प्रश्नच असा होता की काही आड आलं नाही तर मूल किती वाढतं? अर्धपोटी मुलं मिसळली असती तर भूकच त्या सरासरीत मुरली असती.

आधीचा 1977चा तक्ता आठवा. त्यातली तान्ही बाळं अमेरिकेतल्या ओहायोची, बहुतेक बाटलीवरची. त्यावर अंगावर पिणारं बाळ काही महिन्यांनी मागं पडल्यासारखं दिसायचं आणि आईला वरचं दूध सुरू करायला सांगितलं जायचं.

आणि श्रीमंत घरं मिळवणं सोपं असतं, हेही मनातून काढा. दोन वर्षांत 21 भेटी, पहिली तर पहिल्याच आठवड्यात. आपल्याकडे पाचवीच्या आत बाळंतिणीच्या खोलीत परक्याला कोण घेतं? तिथं मोजणारे दोघं जण बाळाला फळीवर निजवून, गुडघे सरळ करून वेगवेगळी नोंद करायचे. 7 मिलिमीटरहून जास्त फरक पडला की दोघांनीही पुन्हा मोजायचं, बाळ कितीही रडो. सहा ठिकाणी मिळून 1743 बाळं नोंदली, अटींत शेवटपर्यंत बसली 882. त्यांच्या लांबीतल्या फरकात देशादेशांचा वाटा जेमतेम 3 टक्के निघाला, मुलामुलांमधला 70 टक्के. म्हणून 'आमची जातच लहानखुरी' हे मला पटत नाही. उलट ते सरकारच्याच सोयीचं आहे.

एक मात्र तुमचं बरोबर. आई ठेंगणी, बाळ जन्मतः कमी वजनाचं, तर ते वर्षभरात ऑस्लोच्या मुलाला गाठणार नाही, आणि एका महिन्याच्या आकड्यावरून अंगणवाडी सेविकेला झापणं हा तर मूर्खपणा आहे. तक्त्यावर पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे कमी वजनाच्या भागात, असलेल्या तुमच्या त्या मुलीची मागच्या तीन महिन्यांची वजनं कळवा. वजनाची रेघ चढतेय की आडवी पडलीय, तेवढं आधी बघू.