बहिणीचं नाव घरावर आहे, म्हणून तिला घरकुल नाही?

"नवऱ्याचं घर सोडलेल्या बाईला सरकारी घरकुल मिळतं का नाही, तेवढंच सांगा की," बाळ्यानं विचारलं आणि अशोक चौकाजवळच्या आमच्या कट्ट्यावर एकदम तीन उत्तरं आली. अण्णा म्हणाले, मिळतं. बँकेतले भाऊ म्हणाले, मिळत नाही. वकील म्हणाले, आधी कागद दाखव.

प्रश्न बाळ्याच्या चुलत बहिणीचा होता. जुळे सोलापुरात नवरा-बायको दोघांच्या नावावर वन बीएचके. मारहाण सोसवेना म्हणून ती दोन्ही पोरींना घेऊन बाहेर पडली. आता दाजी पेठेत एका खोलीत भाड्यानं राहते आणि गारमेंटमध्ये पीसवर शाळेचे युनिफॉर्म शिवते. फ्लॅटमध्ये नवरा एकटा राहतो. घटस्फोट झालेला नाही. प्रधानमंत्री आवास योजनेचा नवा अर्ज भरायला ती बसली आणि स्वयंघोषणेपाशी अडली. बाळ्याच्या मोबाइलात त्या पानाचा फोटो होता. बोटांनी मोठा करून त्यानं तो सगळ्यांपुढे धरला. माझ्या किंवा माझ्या कुटुंबातल्या कुणाच्याही नावे देशात कुठेही पक्कं घर नाही, अशा अर्थाचं वाक्य, आणि त्याखाली सहीची रिकामी जागा.

"घर नाहीच की तिला! रात्री पाठ टेकायला खोली भाड्याची, मग घर कुठलं?" अण्णा तापलेच. त्यांच्या तापण्याला कारण आहे. त्यांच्या आईनं जन्मभर विड्या वळल्या आणि २००६ साली कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत १०,००० विडी कामगार बायकांना घरं मिळाली, त्यातलं एक तिचं. पुढं त्याच कुंभारीत रे नगर उभं राहिलं. ३०,००० घरांचा प्रकल्प, त्यातल्या १५,०२४ घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. कष्टकरी बाईच्या नावावर घर होऊ शकतं हे या शहरानं डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून 'तुला मिळणार नाही' हे उत्तर अण्णांच्या गळी उतरत नाही, आणि माझ्याही उतरत नाही.

बँकेतल्या भाऊंनी शांतपणे नियम सांगितला. योजनेच्या लेखी कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. घटस्फोटाचा हुकूम हातात नाही तोवर कागदावर ती नवऱ्याच्याच कुटुंबात. त्यातून तिचं स्वतःचं नाव त्या फ्लॅटवर. उत्पन्न वर्षाला ३ लाखांच्या आत आहे, दुर्बल घटकात ती बसते, एकल महिलांना प्राधान्यही आहे. पण प्राधान्य पात्र ठरल्यावर येतं, आणि ती पहिल्याच अटीला बाहेर पडते.

"घटस्फोट झाला तर?" बाळ्यानं विचारलं.

वकिलांनी खरी मेख इथं काढली. "२०१९ ला घर घेतलं तेव्हा सबसिडी आली होती का?"

आली होती. कर्जाशी जोडलेल्या व्याज अनुदानाची, कमाल २ लाख ६७ हजारांची ती जुनी योजना. पैसे थेट कर्जखात्यात जमा झाले होते. मग गाठ एक नाही, दोन आहेत, असं वकील म्हणाले. एक मालकीची, दुसरी लाभाची. सप्टेंबर २०२४ पासूनच्या नव्या टप्प्यात मागच्या २० वर्षांत केंद्र, राज्य किंवा पालिकेच्या घरकुल योजनेचा फायदा घेतलेल्यांना दार बंद आहे. उद्या घटस्फोट झाला, फ्लॅटवरचं नाव निघालं, तरी त्या सबसिडीत तिचा आधार नंबर राहणारच.

यानंतर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग मास्तरांनी जे विचारलं त्यावर मी अजून विचार करतोय. "पण तिचं नाव त्या घरावर लागलंच कशामुळं?"

योजनेमुळं लागलं! अल्प उत्पन्न गटातल्या कुटुंबानं नवं घर घेताना त्या अनुदानासाठी घरातल्या बाईचं नाव मालक किंवा सहमालक म्हणून असणं सक्तीचं होतं. अट चांगलीच होती, मी तिच्या बाजूचा आहे. बाईला कुणी हात धरून घराबाहेर काढू नये म्हणून ती अट आली. पण बाईला बाहेर पडावंच लागलं तर पुढं काय, याचं उत्तर त्या अटीत नव्हतं आणि नव्या नियमातही मला दिसत नाही. ज्या नावानं तिला आधार द्यायचा तेच नाव आज तिला रांगेतून बाहेर काढतंय. फ्लॅट नवरा वापरतो, अनुदान त्या फ्लॅटच्या कर्जात मुरलं, आणि लाभार्थी म्हणून नोंद हिची. हा सरळ अन्याय आहे आणि तो अन्यायच म्हटला पाहिजे.

बाळ्याला घाई. "मग हक्कसोड करून टाकू. नाव काढलं की निदान एक गाठ सुटली."

"खबरदार!" वकील जवळजवळ ओरडलेच. हक्कसोडपत्र एकदा रजिस्टर झालं की अर्धा हिस्सा गेला. आणि त्यानं ती मोकळी होते म्हणावं तर तेही नाही, कारण मालकी सोडली म्हणून कर्ज सुटत नाही. भाऊंनी त्याला दुजोरा दिला. ती सहकर्जदार आहे. बँकेच्या लेखी दोघंही पूर्ण कर्जाला जबाबदार, अर्ध्या-अर्ध्याला नव्हे. नवऱ्याच्या एकट्याच्या पगारावर कर्ज बसत असेल तरच बँक तिला मोकळं करेल, नाहीतर त्यानं दुसरीकडून कर्ज काढून हे फेडायचं. त्यानं हप्ते थकवले तर थकीत कर्जाच्या वसुलीच्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस दोघांच्या नावानं निघते. तिचा सिबिल स्कोअर पडतो. उद्या तिला शिलाई मशिनसाठी कर्ज हवं असेल तर तेही अडेल. फुकटात हक्कसोड केलं तर घर त्याचं आणि कर्ज दोघांचं, अशी तिची गत होईल.

अण्णांनी मधला मार्ग काढला. अर्जात फ्लॅटचा उल्लेखच करायचा नाही, कोण बघतंय? यावर मास्तर चिडले, आणि मी मास्तरांच्या बाजूनं बोललो. आधारवर सगळं जोडलंय, जुनी सबसिडी लगेच सापडेल. नाही सापडली तरी खोट्या घोषणेवर सही तिची असेल. दिलेली मदत वसूल होऊ शकते, गुन्हाही होऊ शकतो. आधीच कोर्टकचेरी मागं लागलेल्या बाईला आपण शहाणपण शिकवून आणखी एका खटल्यात ढकलायचं का? अण्णा गप्प झाले, पण पटलं नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं.

मास्तरांची भाची इंग्लंडमध्ये नर्स आहे. तिच्याकडून त्यांना तिकडची पद्धत ठाऊक होती. तिथं युनिव्हर्सल क्रेडिट म्हणून सरकारी मदत आहे, त्यात घरभाड्याचाही भाग असतो. बचत आणि मालमत्ता मिळून १६,००० पौंडांच्या वर गेली की मदत बंद. पण नातं तुटून घर सोडावं लागलं असेल तर त्या सोडलेल्या घराची किंमत ६ महिने धरत नाहीत. मागं राहिलेला जोडीदार तिथं एकट्यानं मुलं सांभाळत असेल तर तो राहतो तोवर धरत नाहीत. म्हणजे कागदावरची मालकी वेगळी आणि आज राहायला मिळणारं घर वेगळं, एवढा फरक त्यांच्या नियमाला कळतो. आपली योजना भाडं देत नाही, पक्कं घर देते, त्यामुळं तोच नियम इथं जसाच्या तसा चालणार नाही हे मास्तरांनीच सांगितलं.

भाऊंचा आक्षेप मात्र खोडून टाकण्यासारखा नव्हता. उद्या वेगळं राहणाऱ्यांना सूट दिली तर लोक कागदोपत्री भांडतील, दुसरं घर पदरात पाडतील आणि पुन्हा एकत्र नांदतील. बँकेत बसून त्यांनी असले कागद पाहिलेत. पण मग पुरावा मागा ना! तोंडी सांगण्यावर सूट देऊ नका. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली मॅजिस्ट्रेटचा आदेश असेल, किंवा घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात घर नवऱ्याकडं गेल्याचं लिहिलं असेल, तर आधीचा लाभ ज्याच्याकडं घर राहिलं त्याच्या नावावर मोजा आणि बाईला नव्यानं अर्ज करू द्या. खोटं भांडण कोर्टापर्यंत नेऊन, तारखा काढून आदेश मिळवणारे कितीसे निघतील? थोड्या लबाडांच्या भीतीनं खरोखर बेघर झालेल्या बायकांना अडवायचं, हे मला मान्य नाही. भाऊंनी मान हलवली, होकार दिला नाही.

"हे सगळं नियम बदलल्यावरचं. आज काय करायचं?" बाळ्याचा प्रश्न बरोबर होता.

वकिलांनी जे सांगितलं ते ऐकून माझा विचार बदलला. आम्ही सगळे घरकुलाच्या मागं लागलो होतो आणि तिच्या हातात जे आहे ते विसरलो होतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या त्याच २००५ च्या कायद्याच्या कलम १९ खाली ती निवासाचा आदेश मागू शकते. नवऱ्यानं तशाच दर्जाची दुसरी जागा द्यावी किंवा तिचं भाडं भरावं, असं कोर्ट सांगू शकतं. त्यानं फ्लॅट विकू नये, गहाण टाकू नये, अशी मनाईही मिळते. पोरींच्या पोटगीचा अर्ज वेगळा. पुढं संमतीनं घटस्फोट झाला तर फ्लॅटचा हिशेब त्याच अटींत लिहून घ्यायचा: त्यानं तिच्या हिश्शाचे पैसे द्यावेत, कर्जातून तिचं नाव काढावं, आणि मगच तिनं हक्कसोडावर सही करावी. तो ऐकला नाही तर सहमालक म्हणून वाटपाचा दावा आहेच. फ्लॅटची भिंत घालून वाटणी होत नसेल तर विकून पैसे वाटायचा आदेश कोर्ट देऊ शकतं.

"आणि वकिलाची फी?" अण्णांनी टोकलं.

"फुकट. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो. १९८७ चा कायदा आहे."

अण्णांना वेगळाच राग होता. "भाडं कशाला मागायचं? घर अर्धं तिचं. त्यालाच बाहेर काढा की!" आणि वकील म्हणाले, तसाही आदेश होतो, नवऱ्याला घराबाहेर राहायला सांगण्याची तरतूद त्याच कलमात आहे.

बाळ्यानं तिथूनच बहिणीला फोन लावला, स्पीकरवर. मागं मशिनची घरघर ऐकू येत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. त्या फ्लॅटमध्ये परत जायचं नाही, म्हणाली, शेजारपाजार सगळा त्याचाच आहे आणि पोरी आता दाजी पेठेतल्या शाळेत रुळल्यात. भाडं मिळालं तर बघू. मग तिनं विचारलं, "कर्जातून माझं नाव काढायला बँकेत मी एकटी गेले तर चालतं का, का त्यालाही यावं लागतं?"

त्यालाही यावं लागतं, भाऊंनी सांगितलं. आणि लगेच म्हणाले, सोमवारी मी रजा टाकतो, तू विक्री कराराची नक्कल, त्याच्या नोंदणीचा उतारा म्हणजे इंडेक्स टू, आणि सबसिडीचं पत्र घेऊन थेट कोर्टात ये, बँकेचं नंतर बघू.