साडेआठच्या कुलपाबद्दल: एक तारा देणाऱ्या पालकांना क्लासच्या सरांचं उत्तर

नमस्कार साहेब,

क्लासला एक तारा देऊन नेटवर टाकलेला तुमचा अभिप्राय वाचला. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीचा निकाल लागला त्याच रात्री तुम्ही तो लिहिलात. मुलाला हवं ते मिळालं नाही याचं मलाही वाईट वाटतंय, त्याबद्दल दिलगीर आहे. मार्चमध्ये गणिताचे चार तास बुडाले हेही खरं. घरात आजारपण होतं, त्यातले दोनच तास भरून काढता आले. त्याची माफी मागतो. कारण सांगत बसत नाही.

पण एका वाक्याने दोन रात्री झोप लागलेली नाही. तुम्ही लिहिलंय, ‘सर साडेआठच्या ठोक्याला कुलूप लावून पळतात, मुलाच्या शंका तशाच राहतात. पैसे घेतले की संबंध संपला.’ फी जास्त वाटली म्हणाला असता तर ऐकून घेतलं असतं. शिकवणं आवडलं नाही म्हणाला असता तरी मान खाली घातली असती. पण ‘पळतात’?

मी साडेआठला कुलूप लावतो, ते कबूल. रोज लावतो. का लावतो ते आता सगळ्यांसमोर सांगावं लागतंय, कारण तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत.

संध्याकाळच्या बॅचला एकेचाळीस मुलं होती. त्यात चौदा मुली, आणि त्यातल्या नऊ कराडच्या नव्हेत, ढेबेवाडीकडच्या गावांतल्या. त्यांची शेवटची गाडी पावणेनऊला. क्लासपासून स्टँड चालत सात-आठ मिनिटं. जिना उतरून, सगळ्या जणी आल्यात का ते मोजून, रस्ता ओलांडून जाईपर्यंत दहा होतात. ती गाडी चुकली की दुसरी नाही. वडापवाला, म्हणजे खासगी जीपवाला, त्या वेळी भरल्याशिवाय हलत नाही, आणि सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला रात्री नऊ वाजता वडापमध्ये बसवायला मी तयार नाही. तुम्हीही झाला नसता. म्हणून मी स्वतः त्यांच्याबरोबर स्टँडवर जातो. त्या गाडीत बसल्या, गाडी हलली, की मग वळतो. पाऊस असो नसो. आमच्या घरच्या लग्नात मी हळदीला नव्हतो, कारण दुसऱ्या दिवशी मुलींची टेस्ट होती. असो, ते सांगायचं कारण नव्हतं.

एसटीचा संप आठवतो का? २०२१च्या दिवाळीच्या आसपास सुरू झाला तो एप्रिलपर्यंत चालला. त्या वर्षी माझ्या पाच मुलींनी क्लास सोडला. फी परवडत नव्हती म्हणून नव्हे, अभ्यास जमत नव्हता म्हणूनही नव्हे. यायला गाडी नव्हती. त्यातली एक वर्गात पहिली होती. इंटिग्रेशनची गणितं तोंडी सोडवायची. संप मिटेपर्यंत बारावीचे पेपरही उरकत आले होते. तेव्हापासून माझ्यासाठी पावणेनऊची गाडी म्हणजे देवाची पालखी आहे. ती चुकवायची नाही. या मुलींच्या घरच्यांनी मला एकच गोष्ट विचारलेली असते, ‘सर, गाडीत कोण बसवणार?’ आता एसटीत बायका-मुलींचं तिकीट अर्धं झालंय म्हणून तरी चार पोरी जास्त येतात. त्यांच्या वडिलांनी मला कधी सिलॅबस विचारला नाही.

आता राहिलं ते मुलाच्या शंकांचं. स्टँडवरून मी घरी जात नाही. परत क्लासवर येतो. शटर अर्धं वर करून आत बसतो, नऊपासून दहापर्यंत, कधी सव्वादहा. हे बॅचच्या पहिल्या दिवशी सांगतो आणि फळ्याच्या कडेला लिहिलेलंही असतं. जो थांबतो त्याचं नाव, प्रकरण आणि वेळ शंकांच्या वहीत लिहितो. ही सवय तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवायचो तेव्हापासूनची. तिथे लिहिलं नाही तर पगार कापायचे.

ती वही आज पुन्हा काढली. तुमच्या चिरंजीवांचं नाव वर्षभरात तीन वेळा आहे. तिन्ही नोंदी जानेवारीतल्या एकाच आठवड्यातल्या, संक्रांतीनंतरच्या. एक दिवस सदिश, एक दिवस रोटेशनल डायनॅमिक्स, एक दिवस पुन्हा सदिश. शेवटच्या दिवशी पावणेदहापर्यंत बसला होता, आणि फार छान प्रश्न विचारले होते त्याने. मला आठवतंय, कारण मी त्याला विचारलं होतं, ‘अरे, रोज का नाही थांबत?’ तो म्हणाला, ‘पप्पा बाहेरगावी आहेत, म्हणून सायकलवर आलोय.’

साहेब, एरवी तुमची गाडी सव्वाआठलाच खाली येऊन उभी असायची. आणि आठ वीसपासून हॉर्न सुरू व्हायचा. पहिल्या हॉर्नला तो वहीतून मान वर करायचा, दुसऱ्याला पेन बंद करायचा. शेवटची दहा मिनिटं, ज्यात मी त्या दिवसाच्या चुका घेतो, त्यात तो वर्गात नसल्यासारखाच होता. नोव्हेंबरमध्ये मी खाली येऊन तुम्हाला म्हणालो होतो की आठवड्यातून दोन दिवस त्याला सव्वानऊपर्यंत ठेवा. तुम्ही म्हणालात, ‘सर, मला परत चक्कर मारायला जमत नाही.’ मला तुमची अडचण समजली. दुकान बंद करून येता, दमलेले असता. मी पुन्हा बोललो नाही, तिथे माझं चुकलं असेल. पण कुलूप तुम्ही पाहिलंत ते गाडीत बसून पाहिलंत. अर्ध्या तासाने तेच कुलूप उघडतं, हे तुम्हाला दिसण्याचं कारण नव्हतं.

हे इथे लिहायला नको होतं कदाचित. बायको म्हणाली, एवढं लांबवू नका, ‘धन्यवाद, सुधारणा करू’ एवढंच लिहा. पण तुम्ही फोन केला असता तर मीही फोनवरच बोललो असतो.

दुसरा मुद्दा, ‘टेस्टमध्ये १३० मार्क आणि सीईटीत ८७ पर्सेंटाइल, म्हणजे टेस्ट खोट्या.’ खोट्या नाहीत. १३० हे २०० पैकी गुण आहेत. ८७ पर्सेंटाइल हे गुण नाहीत आणि टक्केही नाहीत. त्याच्या सत्रात बसलेल्या दर शंभरातल्या सत्याऐंशी जणांना त्याच्याएवढे किंवा त्याच्याहून कमी गुण आहेत, एवढाच त्याचा अर्थ. २०१९पासून परीक्षा संगणकावर वेगवेगळ्या सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा, म्हणून ही पद्धत. दोन आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करता येत नाही. हे मी पालकसभेत फळ्यावर आकृती काढून सांगितलं होतं. सभेला अकरा पालक होते.

आणि ते १३० कुठल्या टेस्टचे? माझ्याकडे सहा संगणक आहेत. एकेचाळीस मुलांना सगळ्या टेस्ट वर्गात देता येत नाहीत, म्हणून काही लिंकवरून घरी द्याव्या लागतात. ही माझी कमतरता, मान्य. १३० घरच्या टेस्टचे आहेत. वर्गात समोर बसून दिलेल्या तीन टेस्टमध्ये त्याला ८४, ९१ आणि ८८ होते, आणि ते आकडे मी तेव्हा तुम्हाला मेसेज केले होते. घरी काय झालं असेल यावर मी काही बोलणार नाही. पोरगं गुणी आहे.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. उत्तरपत्रिका लॉगिनवर दिसायला लागली तेव्हा तुम्हीच मला ती दाखवलीत. गणितात नऊ प्रश्न कोरे. सीईटीत चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. गणिताचे पन्नास प्रश्न, दोन-दोन गुणांचे, म्हणजे निम्मा पेपर गणिताचाच. भौतिक-रसायनची नव्वद मिनिटं संपली की तो भाग बंद होतो आणि गणिताची वेगळी नव्वद मिनिटं सुरू होतात, तिथला वेळ इकडे आणता येत नाही. म्हणून वर्षभर घसा कोरडा करून सांगतो की शेवटची तीन मिनिटं राखा आणि एकही गोल रिकामा सोडू नका. हे सांगायचो ते रोज शेवटच्या दहा मिनिटांत. पुढचं लिहीत नाही.

फीचं थोडक्यात. अठ्ठावीस हजार, तीन हप्त्यांत, तिन्हींची पावती आहे. केंद्राच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत मुलाने कोर्स मध्येच सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करा असं आहे, आणि याच बॅचमधून सप्टेंबरमध्ये लातूरला गेलेल्या मुलाची मी चौथ्या दिवशी परत केली. तुमच्या मुलाने कोर्स शेवटपर्यंत केलाय. त्याच सूचनांत गुणांची हमी देऊ नका असंही आहे, आणि आमच्या पत्रकावर ‘९५+’ असं कधीच छापलेलं नाही. तो फलक रस्त्यापलीकडच्या क्लासचा आहे.

तुम्हाला कल्पना नसेल म्हणून सांगतो, हा क्लास मी आणि बायको दोघं मिळून चालवतो. ती रसायन घेते आणि हिशेबही बघते. २०१४ला इंजिनिअरिंगसाठी सीईटी बंद होऊन जेईई मेन आली तेव्हा लोक मोठ्या शहरांत गेले आणि दोन वर्षं आमच्या बाकांवर धूळ होती. २०१६ला सीईटी परत आली तेव्हा सात मुलांवर पुन्हा सुरुवात केली. आमचं वर्षाचं पोट जूनच्या दोन-तीन आठवड्यांत ठरतं. काल एक गृहस्थ मुलीला घेऊन जिन्यापर्यंत आले, मोबाइल बघितला, मुलीला काहीतरी दाखवलं आणि तसेच परत गेले. बायको खिडकीत उभी होती. तुमचा अभिप्रायच वाचला असेल असं नाही, पण आम्हाला तसंच वाटलं.

बाकी, सूचना म्हणून जे लिहिलंत ते घेतलंय. आणखी दोन संगणक घ्यायचा विचार आहे, जमेल तसं. शंकांसाठी रविवारी सकाळी काही वेळ ठेवता येईल का तेही बघतोय. नऊ ते दहाची वेळ आता खाली दारावर मोठ्या अक्षरांत लिहून लावतो.

शेवटचं, आणि हे जास्त महत्त्वाचं. ८७ म्हणजे सगळं संपलं असं मुलाला घरी बोलू नका. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या अजून व्हायच्या आहेत. विकल्प अर्ज, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा अर्ज, नीट भरला तर या पर्सेंटाइलला ठीकठाक कॉलेज मिळू शकतं. लोक घाईत पाच-सहा नावं टाकतात आणि मग रडतात. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर दाखला आत्ताच काढून ठेवा. कॉलेजांच्या यादीत शेवटी ‘टी’ असलेले कोड असतात, ते शिक्षण शुल्क माफीच्या जागांचे, तेही यादीत घालता येतात. गेल्या वर्षीचे कटऑफ मी काढून ठेवलेत. अर्ज भरून द्यायचे मी कोणाकडून पैसे घेत नाही, तुमच्याकडूनही घेणार नाही. तारा वाढवा असंही म्हणत नाही.

शनिवारी मुलाला घेऊन या. नऊनंतर आलात तर बरं, निवांत बसता येईल. मी स्टँडवरून यायला पाच-दहा मिनिटं इकडे-तिकडे होतील, तोवर पायरीवर बसा. हॉर्न मात्र वाजवू नका, मागच्या खोलीत घरमालकांच्या आई लवकर झोपतात.

तुमचे,
सर