खुलासा : काळी माती म्हणजे भरपूर सेंद्रिय कर्ब नव्हे

सध्या शेतकरी ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘आपली माती काळी, म्हणजे तिच्यात कर्ब भरपूर. शेणखताची गरज नाही. कुटार, पऱ्हाटी सगळं ब्रिकेटवाल्याला विका.’ (कर्ब म्हणजे मातीतल्या कुजलेल्या काडीकचऱ्यातला, शेणखतातला कार्बन. कुटार म्हणजे मळणीनंतरचा भुसा, पऱ्हाटी म्हणजे कापसाची वाळलेली झाडं आणि ब्रिकेट म्हणजे असा काडीकचरा दाबून केलेलं जळण.)

यातलं पहिलंच वाक्य चुकीचं आहे. आपली काळी माती बेसाल्ट झिजून झाली. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्हाचा हा खडक. काळेपणा येतो तो लोह-टायटॅनियमच्या खनिजांमुळे आणि चिकण कणांना घट्ट बिलगलेल्या थोड्याशा ह्यूमसमुळे, म्हणजे पूर्ण कुजलेल्या सेंद्रिय पदार्थामुळे. वाळलेलं ढेकूळ बारीक करून त्यावरून चुंबक फिरवा, काळे कण चिकटलेले दिसतील. रत्नागिरीचा जांभा खडकही बेसाल्टपासूनच झालाय, पण तिथली माती तांबडी. आणि तिच्यात कर्ब अनेकदा आपल्यापेक्षा जास्त निघतो. रंगावरून कर्ब ठरत नाही.

मृदा आरोग्य पत्रिका (माती तपासणीचा अहवाल) काढून बघा. सेंद्रिय कर्ब 0.5 टक्क्यांखाली असेल तर तो कमी. काळ्या रानात नत्र आणि स्फुरदही बहुधा कमीच असतं. चुना, पालाश मात्र चांगलं.

ब्रिकेटला माझा विरोध नाही. दगडी कोळशापेक्षा ते केव्हाही बरं. पऱ्हाटी तर जरूर द्या, गुलाबी बोंडअळीमुळे ती शेतात ठेवूच नये. पण सोयाबीनचं कुटार जनावरांना किंवा जमिनीलाच जाऊ द्या, आणि शेणखत बंद करू नका.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधी पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.