जुन्या डांबरावरचे काँक्रीट : त्या रेघा म्हणजे तडे नव्हेत

‘रस्त्याचे जुने डांबर न उखडता त्यावर जेमतेम सहा इंच काँक्रीट, तेही सळईविना, ओतून बिले काढली जातात आणि लगेच चौकोनी तडे जातात,’ असा संदेश खानदेशात मोबाइलवर फिरत आहे. तो बहुतांशी गैरसमजावर उभा आहे. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या एसपी ७६ या मार्गदर्शिकेत १०० ते २०० मिलिमीटर जाडीचा थर (सहा इंच म्हणजे सुमारे १५० मिलिमीटर) ‘पातळ व्हाइट टॉपिंग’, म्हणजे डांबरी रस्त्यावरचा काँक्रीटचा पातळ थर, म्हणून मान्य आहे आणि त्यात खालचे डांबर राखणे हीच मूळ कल्पना आहे : वरचा भाग यंत्राने खरवडून धूळ नीट झाडली की काँक्रीट त्याला घट्ट धरते व दोन्ही थर मिळून भार पेलतात. साधारण मीटरभर अंतरावरच्या सरळ रेघा करवतीने मुद्दाम कापलेल्या असतात, कारण आकसणारे काँक्रीट एरवी वाटेल तिथे फुटते. वेडीवाकडी भेग मात्र दोषच समजावी. काळ्या मातीत पायाच खचला असेल, तर रावेर-यावलच्या केळीच्या ट्रकांखाली असा थर टिकणार नाही, हेही खरे. आक्षेप घ्यायचाच, तर जळगावच्या मे महिन्यातल्या उन्हात नवे काँक्रीट पक्के होईपर्यंत ओलसर ठेवण्यासाठी त्यावर अंथरलेले गोणपाट ओले राहते की नाही, यावर घ्यावा.